प्रतीक्षेच्या काळात देवाच्या कृपेवर विसंबणे म्हणजे काय?

प्रार्थना करूनही काहीच घडत नसेल, तर कृपेवर विसंबायचे म्हणजे हात बांधून बसायचे का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते, नाही. बायबलमधील अब्राहामाला देवाकडून संततीचे वचन मिळाले तेव्हा तो ७५ वर्षांचा होता आणि त्याचा मुलगा इसहाक जन्मला तेव्हा १००. मधल्या २५ वर्षांत त्याने (पत्नी साराच्याच सांगण्यावरून, हे खरे) हागारेचा मार्ग धरला, म्हणजे साराच्या या दासीपासून मूल मिळवले, आणि घरात कलह ओढवून घेतला, तरीही वचन मागे घेतले गेले नाही. कृपा म्हणतात ती हीच, कारण ती त्याच्या धीरावर अवलंबून नव्हती.

आपल्या गोव्यातील खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली खारजमिनीतील शेती पाहा. पहिल्या पावसाने मातीतले मीठ धुऊन निघेपर्यंत शेतकरी कोरगुटाचे (खारेपणा सोसणाऱ्या भाताचे) बी टाकत नाही. पण त्या दिवसांत तो बांधाला खेकड्यांनी पाडलेली भोके बुजवतो, मानशीच्या (खाडीचे पाणी अडवणाऱ्या दाराच्या) फळ्या तपासतो. पाऊस मात्र त्याच्या हातात नसतो. आपणही रोजची छोटी प्रार्थना आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची विचारपूस चालू ठेवावी. चिडचिड झाली, तर तीही देवापुढे मांडावी. बायबलमधील १३ व्या स्तोत्राची सुरुवातच ‘कोठवर?’ या प्रश्नाने होते.