उन्हाळ्यातलं पहिलं गोड: आम्रखंडापासूनच सुरुवात करा

ताई, उन्हाळ्यात घरी कोणकोणतं गोड करून बघू, असं विचारलंत; पण आइस्क्रीम, कुल्फी, मस्तानी सगळं एकदम नको. सांगलीत म्हशीचं दूध सहज मिळतं, त्याचा चक्का, म्हणजे पाणी निथळलेलं दही, घट्ट बसतो. म्हणून आधी आम्रखंड.

दही रात्री लावा, पण पहाटे उठल्या उठल्या बघा. एप्रिल-मेच्या उकाड्यात ते पाच-सहा तासांतच लागतं आणि नंतर आंबतच जातं. नव्या माणसाचं श्रीखंड बिघडतं ते इथंच. मग आंबटपणा मारायला साखर ओतत बसतात. दही लागलं की मलमलच्या फडक्यात बांधा आणि टांगायचं ते फ्रिजमध्येच, खाली पातेलं ठेवून. फडकं दाबलं की पाण्याचा थेंब येत नाही, तेव्हा चक्का तयार.

आणखी थोडं:

- साध्या श्रीखंडाला चक्क्याइतकी साखर घालतात. आंबा असेल तर निम्म्यापासून सुरू करा, चाखत वाढवा.
- साखर मिसळली की चक्का सैल होतो. घाबरू नका, तासभर झाकून ठेवा आणि मग पुरणयंत्रातून काढा. मिक्सर अजिबात नको, पातळ होतं.
- रस हापूसचा घ्या. पायरी आमरसाला उत्तम, इथं पाणी सोडते.
- महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घालायचीच असेल तर कच्ची घालू नका. आटवून, पूर्ण गार करून मगच.

वरून तासगावचा बेदाणा, पण धुऊन कोरडा केलेला. काजू-पिस्त्यांवर खर्च करायची मला तरी गरज वाटत नाही. केशर, जायफळ वगैरे पुढच्या खेपेला बघू.