रविवारची मिस्सा चुकली तर?

प्रश्न: फादर, मी रोज घरी प्रार्थना करतो, बायबल वाचतो. देव सगळीकडे आहे, मग रविवारी चर्चमध्ये येण्याची सक्ती कशाला? भक्तीत कुठे सक्ती असते का?

हा प्रश्न विचारणारे बहुधा मनापासून भक्ती करणारेच असतात. ज्यांना पर्वा नसते ते विचारायलाही येत नाहीत. घरची प्रार्थना हवीच, पण मिस्सा, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणाची चर्चमधली उपासना, ही एकट्याची प्रार्थना नव्हे. ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ असं प्रभूने सांगितलं ते एका मेजाभोवती बसलेल्या शिष्यांना. ते घरच्या खोलीत एकट्याने करता येत नाही.

शिवाय आधी जमणं आलं आणि नियम नंतर. इ.स. १५०च्या सुमारास संत जस्टिन यांनी रोमन सम्राटाला लिहिलं की, सूर्याच्या दिवशी शहरातले आणि खेड्यापाड्यांतले आमचे लोक एका ठिकाणी जमतात, वाचन होतं, भाकर आणि द्राक्षारसावर उपकारस्तुती होते आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन (धर्मगुरूंचे सहायक) प्रसाद पोहोचवतात. पुढे ३०४ साली उत्तर आफ्रिकेतल्या अबितिनेत ४९ जण अशाच सभेसाठी पकडले गेले. बंदी असताना या लोकांना घरात का घेतलंस, असं विचारल्यावर घरमालक एमेरितस म्हणाला, ‘प्रभुभोजनाशिवाय आमचं चालूच शकत नाही.’ त्यांच्यावर कुणीही सक्ती केली नव्हती. सक्ती होती ती न जमण्याची!

त्याच काळात स्पेनमधल्या एल्विराच्या धर्मपरिषदेला ठरवावं लागलं की, शहरात राहून तीन रविवार न येणाऱ्याला काही काळ दूर ठेवावं. ओढ सैलावली की नियम लागतो, असा मी त्याचा अर्थ लावतो. आज हे बंधन धर्मसभेच्या कायद्याच्या १२४७व्या कलमात आहे. घरातल्या आजाऱ्याला औषध देताना आज मला उत्साह आहे का, हे आपण बघत नाही. मिस्साचंही तसंच आहे.

प्रश्न: दहा आज्ञांत शब्बाथ (विसाव्याचा पवित्र दिवस) म्हटलंय. तो तर शनिवार ना?

हो. पण प्रभू पुन्हा उठला तो आठवड्याच्या पहिल्या दिवशी. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २०, ओवी ७ वाचा. त्रोवसमध्ये भाकर मोडायला मंडळी त्याच दिवशी जमली होती.

प्रश्न: शनिवारी संध्याकाळी लग्नाची मिस्सा झाली. रविवारी पुन्हा यावं लागेल का?

नाही. आदल्या संध्याकाळची कोणतीही कॅथलिक मिस्सा चालते, मग वाचनं लग्नाची का असेनात. सकाळच्या लग्नाला मात्र ही सवलत नाही.

प्रश्न: आई अंथरुणाला खिळली आहे. तिला सोडून निघता येत नाही, म्हणून आम्ही मिस्सा मोबाइलवर पाहतो. ती ‘धरली’ जाते का?

पडद्यावरच्या मिस्साने बंधन पूर्ण होत नाही, पण तुमच्यावर सध्या ते बंधनच नाही. आजारपण, तान्ह्या बाळाची किंवा रुग्णाची देखभाल ही रास्त कारणं आहेत. त्यामुळे ‘धरली का’ ही चिंता सोडा आणि मिस्सा खुशाल पाहा, मनाला आधार मिळतो. इस्पितळात रविवारची पाळी टळत नसेल त्यांनाही हेच लागू. जमल्यास शनिवारी संध्याकाळी यावं. कारण पुरेसं आहे का अशी शंका असेल तर धर्मगुरूंना विचारा, त्यांना सूट देण्याचा अधिकार आहे. आणि आईसाठी घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सातला पवित्र भाकरीचा प्रसाद, आणायला नक्की सांगा. जस्टिनच्या काळापासून ते चालत आलंय.

प्रश्न: गेल्या रविवारी कंटाळा केला. या रविवारी कम्युनियन घेऊ का?

आधी पापनिवेदन करा. रास्त कारण नसताना जाणूनबुजून मिस्सा चुकवणं हे गंभीर पाप आहे, असं कॅटेकिझम, म्हणजे धर्मसभेच्या शिकवणुकीचं अधिकृत पुस्तक, स्पष्ट सांगतं. गजर वाजलाच नाही आणि झोप लागून राहिली, ही गोष्ट वेगळी. तिथे उगाच स्वतःला छळू नका.

पण पापनिवेदन राहिलं म्हणून हाही रविवार चुकवू नका. बंधन मिस्साला येण्याचं आहे. कम्युनियनचं बंधन वर्षातून एकदा, पुनरुत्थानकाळात. रांगेत न जाता बाकावर बसून राहिलात आणि शेजारचे वळून बघू लागले, तर बघू द्या.