मॉर्गेजमधे मेलेलं कोण?

प्रश्न आलाय की मॉर्गेज (घर-जमीन गहाण ठेवून काढलेलं कर्ज) हा इंग्रजी शब्द मरणावरून आला हे खरं का, आणि असे अजून जुने शब्द कुठले. पहिल्याचं उत्तर, हो. पण म्हणून तो फॉरवर्ड खरा ठरत नाही! "मॉर्गेज म्हणजे मरेपर्यंत फेडायचं कर्ज", दर दोन महिन्यांनी कोणीतरी पाठवतंच. अहो, ऋणको नाही मरत त्यात, मेलेलं असतं ते गहाण.

जुन्या फ्रेंचमधे मॉर्ट म्हणजे मेलेलं (आपलं मृत, मरण त्याच कुळातलं), गेज म्हणजे तारण. मग मेलेलं का? पंधराव्या शतकातला इंग्लिश न्यायाधीश लिटलटन म्हणतो, पैसे फेडले नाहीत तर जमीन ऋणकोला मेली, फेडले तर धनकोला मेली, आणि १६२८ मधे त्याच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना कोक या इंग्लिश कायदेपंडितानेही तेच चालवलं. झकास जमलंय, पण लिटलटन स्वतःच "असं वाटतं" म्हणून सांगतोय की! लोक तेवढं गाळतात आणि बाकीचं ब्रह्मवाक्य.

लिटलटनच्या तीनेकशे वर्षं आधी, ग्लॅनविलच्या नावावरच्या इंग्लिश कायद्याच्या ग्रंथात हिशोब सरळ दिलाय. समजा शंभर रुपयांना शेत गहाण टाकलं, ताबा सावकाराकडे, वर्षाला पीक दहाचं. ते दहा कर्जातून वजा होत गेले तर गहाण जिवंत, स्वतःच कर्ज फेडतंय. वजा नाही झाले, पीकही सावकाराच्या घरात आणि दहा वर्षांनी शंभर तसेच उभे, तर गहाण मेलेलं. मला हेच पटतं, कारण यात शेत आणि पीक दिसतं, नुसती शब्दांची कसरत नाही. आणि आपलं ताबेगहाण (ताबाच सावकाराला देऊन केलेलं गहाण) घ्या, १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात उत्पन्न व्याजापोटी धरायचं की मुद्दलात, दोन्ही वाटा आहेतच.

बाकीचे पटकन: स्टार्व्ह म्हणजे आधी नुसतं मरणं, जर्मनमधे स्टेर्बेन अजूनही तेच, उपासमार नंतर चिकटली. बँकेतला हप्त्यांचा तक्ता, अमॉर्टायझेशन, म्हणजे कर्जाला हळूहळू मारणं, तिथे मात्र कर्ज मरतं बरं का.

आणि मॉर्गेजमधला गेज तोच जो एंगेजमेंटमधे आहे, वेडिंगमधला वेडही त्याचाच भाऊबंद, मूळ अर्थ तारण, वचन. यावर कोणी फॉरवर्ड करत नाही.