बूस्टर घेऊनही माझ्यामुळेच आईला कोरोना झाला का?

बूस्टरचा विषय निघाला की आजही कोणीतरी म्हणतंच, पसरायचं थांबत नाही तर घ्यायचा कशाला. हाच प्रश्न मनात धरून नागपूरच्या मानेवाडा साईडचे एक भाऊ माझ्याकडे आले होते (ओळख पटेल असं सगळं बदललंय). खुर्चीत बसायच्या आधीच मोबाईल पुढे केला, लसीचं सर्टिफिकेट, तिसरा डोस जुलै 2022. 'बघा ना मॅडम, मी घेतला होता.'

15 जुलैपासून 18 ते 59 वाल्यांना सरकारी सेंटरवर 75 दिवस बूस्टर फ्री होता, हे पहिल्याच आठवड्यात जाऊन आले. ऑगस्टमध्ये यांना कोरोना झाला, दोन दिवस ताप, बस. आईला मात्र, वय 78, शुगर, ऑक्सिजन लागला आणि पोळ्याच्या आठवड्यात ती गेली. आईचा बूस्टर झालाच नव्हता, मोठ्या भावाने नको म्हटलं होतं, आणि तेरवीला तोच सगळ्यांसमोर बोलला, 'तीन-तीन डोस घेऊन तूच आणला घरात.'

'रात्री उठून बसतो जी. ताप यायच्या आदल्या दिवशी मीच तिला वरणभात कालवून भरवला होता.'

अशा वेळी तुमची काही चूक नाही म्हणून मोकळं होता येतं, पण समोरच्याला ते पटत नाही, म्हणून आम्ही आधी नीट समजून घेतलं. दंडात लस घेतली की रक्तात अँटीबॉडी, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रथिनं, वाढतात, पण विषाणू आधी नाकात वाढतो, आणि अँटीबॉडी काही महिन्यांत उतरतात, तेव्हा पसरलेला कोरोनाचा ओमायक्रॉन प्रकार तर त्यांना बराच चुकवायचा. म्हणून बूस्टरनंतरही लागण व्हायची, दुसऱ्याला जायची. पण शरीराला विषाणूची ओळख राहते, त्यामुळे आजार गंभीर व्हायचं प्रमाण कमी होतं, म्हाताऱ्या माणसांना तर याचाच जास्त फायदा. आणि कोरोना लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरतो. भरवताना तुम्हाला साधा खोकलाही नव्हता, कळणार कसं होतं? लस घेतली म्हणजे आपल्यापासून कोणालाच होणार नाही असं तेव्हा बरेच जण छातीठोक सांगायचे, ते चूक होतं, आणि पसरतो म्हणजे लस फालतू हेही तितकंच चूक.

ते एकदम म्हणाले, 'म्हणजे दादामुळेच गेली ना ती!'

मला हीच भीती होती. मार्च 2022 पासून साठीच्या वरच्या सगळ्यांना डोस खुला होता, घेतला असता तर धोका कमी झाला असता हे मी लपवलं नाही. पण वाचलीच असती, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. आपण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'रोगराई घेऊन जा गे मारबत' म्हणत तिचा पुतळा मिरवत नेऊन जाळतो, या घरात दोन्ही भावांनी एकमेकांचीच मारबत करून टाकली होती, आणि आईसाठी दोघं मिळून एकदाही रडले नव्हते. मला त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

चौथ्या वेळी आले तेव्हा मोबाईल खिशातच होता. दादाला फोन केला म्हणाले. लसीचं काढायचंच नाही असं ठरवून केला होता, पण तिकडून दादाच बोलला, 'मी नको म्हणायला नको होतं रे.'

'मग तुम्ही काय म्हटलं?'

'म्हटलं, दादा, आईलाही सुईची भीती वाटायचीच ना रे.'