आखाजीला जा, पण सणाच्या दिवशी नको

ठाण्याच्या एका ताईंचं पत्र आहे. वय 54. लहानपणी दर उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या पाचोऱ्याहून पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेर, गाडीने पहूरकडच्या मामाच्या गावी जायच्या. शेजारच्या घरातली मुलगी त्यांची जिवाभावाची मैत्रीण. या मैत्रिणीने स्वतःच्या लग्नाचं आंतर्देशीय पत्र पाठवलं तेव्हा ताईंची परीक्षा होती. त्या गेल्या नाहीत, उत्तरही दिलं नाही, आणि त्यानंतर तीसेक वर्षं काहीच संबंध राहिला नाही. आता नंबर मिळाला, फोन झाला. मैत्रीण म्हणाली, "आखाजीले मी माहेरीच राहते, येजो." आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. मामा-मामी वारले, मामेभाऊ जळगावला असतो, मामाच्या घराला कुलूप आहे. ताई विचारतात: जाऊ का? यांना सोबत नेऊ का? त्या लग्नाचं काय बोलू? आणि पीजे, वाघूर नदी, अजिंठा हे सगळं परत बघायचंय, पण ते पूर्वीसारखं नसलं तर?

ताई, जरूर जा. तिने बोलावलंय तेही विचार करूनच बोलावलंय. सासरी गेलात तर ती पूर्ण वेळ चुलीपाशी असेल आणि तुम्ही बैठकीत पाहुण्या म्हणून बसाल. माहेरी तिला कुणी काम सांगत नाही. खान्देशात बाईला हक्काने पाय पसरून बसायला मिळतं ते आखाजीलाच. म्हणून वेळ तीच ठेवा, फक्त अक्षय्यतृतीयेच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी घरात पितरांची घागर भरायची असते, खापरावर मांडे चाललेले असतात, लेकी-जावई आणि नातवंडांनी घर भरलेलं असतं. तुमच्याशी बोलायला तिला सबंध दिवसात दहा मिनिटंही सापडणार नाहीत. सण झाल्यावर तिसऱ्या दिवशी पोचा. ती किती दिवस माहेरी आहे ते आधी फोनवर विचारून घ्या आणि दोनच रात्री राहा. पहिल्या भेटीला एवढं पुरे.

निघण्याआधी सगळ्यात महत्त्वाचा फोन मामेभावाला करा, आणि तो टाळू नका. तुम्ही त्याच्या गावात येऊन दुसऱ्याच्या घरी उतरलात हे त्याला पारावरून कळलं तर तो दुखावेल. दुसरंही एक आहे. इतक्या वर्षांनी बहिणीची मुलगी गावात दिसली की लोकांच्या मनात पहिला विचार येतो तो आईच्या वाट्याचा. सातबाऱ्याची शंका एकदा मनात शिरली की ती काढणं फार अवघड. म्हणून स्वतःहून सांगा: "मैत्रिणीला भेटायला येतेय, तिच्याकडेच उतरणार आहे, मामांचं घर अर्धा तास बघायचंय, किल्ली कुणाकडे आहे?" त्याने मामांची घागर भरली का, हेही विचारा. एवढ्याने तो तुमच्या बाजूचा होईल. घर बघायला गेलात की वाडा कुणाच्या नावावर, शेत कोण करतं, असले प्रश्न शेजाऱ्यांना विचारू नका. सहज विचारलं तरी त्याचे वेगळे अर्थ निघतात.

नवऱ्याला या वेळी नेऊ नका. पाहुणा पुरुष आला की तिच्या भावाला शेत सोडून त्यांच्यापाशी बसावं लागेल, बायकांचा आवाज खाली येईल, आणि तुम्हीही दर तासाला "यांनी चहा घेतला का" बघत राहाल.

लग्नाचं बोलणं पहिल्याच रात्री उरकून टाका. त्या भागातली जुनी घरं धाब्याची, आणि उन्हाळ्यात झोपणं धाब्यावर किंवा गच्चीवर. गोधड्या अंथरून झाल्या, पोरं पेंगली, की मोकळं बोलायची वेळ तीच. दोन वाक्यं पुरतात: "तुझं पत्र मिळालं होतं. मी उत्तर दिलं नाही, ते चुकलं." परीक्षेचं कारण पुढे करू नका. कारण दिलं की तिला "जाऊ दे गं" म्हणावंच लागतं, आणि तिच्या मनात काय होतं ते राहूनच जातं. तुमचं बोलून झालं की गप्प बसा. ती रागावली तर ऐकून घ्या, विषय बदलला तर बदलू द्या. मात्र ही माफी भावजयीसमोर किंवा जेवताना मागू नका.

जुन्या आठवणी तासाभरात संपतात आणि मग दोघी अवघडून बसतात. बऱ्याच भेटी इथेच फसतात. आठवणी संपल्या की तिचं आजचं विचारा: कपाशी किती लावतात, सून कशी आहे, गुडघे काय म्हणतात, मुलाचं काय चाललंय. स्वतःचंही सांगा, पण फ्लॅटची किंमत आणि मुलाचा पगार सोडून.

भेट म्हणून भारी साडी नेऊ नका. तुम्ही साडी दिली की माहेरच्यांना तुमची ओटी तोलामोलाच्या साडीने भरावी लागते, आणि तो खर्च तिच्या भावाच्या खिशातून होतो. पोरांना खाऊ आणि भावजयीला काहीतरी छोटं न्या. तुमच्याकडे लहानपणीचा फोटो असेल तर तो स्कॅन करून पाच बाय सातच्या दोन प्रती कागदावर काढा, एक तिला आणि एक तिच्या आईच्या भिंतीसाठी. निघताना ओटी भरतील ती निमूट घ्या, "कशाला, कशाला" करू नका. तिचा फोटो स्टेटसला टाकायचा असेल तर आधी तिला विचारा.

आता ठिकाणांबद्दल. पीजे मार्च 2020 पासून बंद आहे. पाचोरा-जामनेर ही अडीच फुटी रुळांची छप्पन किलोमीटरची लाईन आता ब्रॉडगेज करायला घेतली आहे, त्यामुळे त्या गाडीत दोघींनी खिडकीशी बसून जायचं राहिलंच. हे घरून निघतानाच मनाशी पक्कं करा, म्हणजे पाचोरा स्टेशनवर धक्का बसणार नाही. वाघूरचं पात्र त्या दिवसांत कोरडं दिसेल. अजिंठ्याचा धबधबाही पावसाळ्यातलाच. पाणी बघायचं असेल तर श्रावणात वेगळी खेप करा.

अजिंठा मात्र होतो. लेणी सोमवारी बंद असतात, एरवी सकाळी नऊला उघडतात. पहूरहून फर्दापूर अर्ध्या तासाच्या आसपास. गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढे तिथल्या बसने जावं लागतं. नऊच्या आधी तिथे पोचा. उशीर झाला की दगड तापतो, पायऱ्यांवर पाय भाजतात आणि अकरानंतर दोघींचेही हाल होतात. सगळी लेणी करायचा हट्ट नको. चित्रांसाठी 1, 2, 16 आणि 17, आणि झोपलेल्या बुद्धासाठी 26, एवढं पुरे. चपला पटकन निघणाऱ्या घाला, चित्रांच्या लेण्यांत त्या काढाव्या लागतात. चढ झेपत नसेल तर डोली मिळते. पण आधी तिला विचारा की तिला जायचंय का. तिने अजिंठा दहा वेळा पाहुण्यांना दाखवला असेल. तिला त्यापेक्षा शेंदुर्णीला त्रिविक्रमाच्या दर्शनाला जाऊन बाजारात तासभर फिरायचं असेल, तर तेच करा. तुम्हाला लेणी बघायचीत की ती हवी आहे, एवढं स्वतःला विचारलं की निवड सोपी होते.

ऊन हलकं समजू नका. त्या दिवसांत जळगावकडे पारा 43-44 ला सहज जातो. बाहेर पडणं सकाळी सहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाचनंतर. अजिंठ्याचा दिवस सोडला तर दुपारी घरातच पडून राहायचं. डोक्याला सुती ओढणी, पिशवीत मीठ-साखरेचं पाणी. मांडे आणि आमरस आग्रहाने वाढतील. दुपारी एक मांडा खाऊन थांबा, नाहीतर संध्याकाळ आडवं पडण्यात जाईल. शेवभाजीची तर्री पहिल्याच रात्री नको. आखाजीच्या झोक्यावर बसायचा मोह होईलच. बसा, पण आधी दोर नवा आहे का ते बघा, आणि चक्कर येण्याची सवय असेल तर उभ्याने झोका घेऊ नका.

तिकिटांचं लगेच बघा. आखाजी आणि लग्नसराई एकत्र येते, आणि रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी खुलं होतं. जायचं आणि यायचं, दोन्ही तिकिटं ज्या-त्या तारखेचं आरक्षण खुलं होताच काढा. पाचोऱ्याला थांबणारी गाडी मिळाली नाही तर जळगावला उतरा. तिथून अजिंठा-छत्रपती संभाजीनगर रस्त्याच्या एसट्या पहूरवरूनच जातात आणि बायकांना अर्धं तिकीट आहे. परतीचं तिकीट पहाटेच्या गाडीचं काढू नका. पहाटेची गाडी असली की शेवटची रात्र सगळ्यांची घड्याळ बघण्यात जाते. सकाळचा चहा घेऊन दहाच्या सुमाराला निघता येईल, अशी गाडी बघा.

मामेभावाचा नंबर नसेल तर तो तुमच्या मैत्रिणीकडून मागू नका. आईकडच्या दुसऱ्या कुणा नातेवाइकाकडून घ्या आणि या आठवड्यातच फोन करा.