क्षमा मागूनही मन हलकं का होत नाही?

"सलाम ताई. रोज पापकबुली करतो, रोज क्षमा मागतो. पण क्षमा झाली असं वाटतच नाही. देवालाही माफ करता येणार नाही असं माझं पाप आहे का?"

हा प्रश्न माझ्याकडे अनेकांनी आणलाय. ज्या काकांनी तो असा विचारला, त्यांच्याबद्दल त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

नगरकडचे, चौथ्या पिढीचे ख्रिस्ती, नोकरीतून निवृत्त. ईस्टरआधीचे चाळीसही दिवस सूर्य मावळेपर्यंत फक्त पाणी. तरी अकरा वर्षं प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये दिली जाणारी भाकर आणि द्राक्षारस, घेतलं नव्हतं. चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, भाकर मोडायला लागले की हे मागच्या दाराने बाहेर जाऊन चपलांपाशी उभे राहत. झोप, भूक मी विचारून घेतली. तिथे काळजीसारखं काही नव्हतं.

तिसऱ्या भेटीत सगळं बाहेर आलं. आई अंथरुणाला खिळलेली असताना यांनी मृत्युपत्रावर तिचा अंगठा घेतला आणि धाकट्या भावाला जमिनीतून वगळलं. भाऊ कोर्टात गेला नाही. बोलणं तेवढं बंद केलं, आणि तसाच वारला. सांगताना काका स्वतःचाच अंगठा दुसऱ्या हाताने चोळत होते.

"म्हणून मी स्वतःला नम्र ठेवतो, ताई. उपास करतो, मागे उभा राहतो. आता मंडळीला, आपल्या चर्चला, पन्नास हजार द्यायचं ठरवलंय, नाव न सांगता."

मला त्यांची कळकळ दिसत होती, पण हे मान्य करता येईना. मी बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान काढलं. अठराव्या अध्यायातला जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजत तो करवसुली करणारा, दूर उभा राहून ऊर बडवतो, दया माग म्हणून कुणी सांगावं लागत नाही. तो काकांना पाठ होता. तो नीतिमान ठरून घरी गेला, हे वाक्य मात्र ते नेहमी घाईने वाचून पुढे जात. मी ते दोनदा वाचायला लावलं. त्याने आधी काहीही फेडलेलं नव्हतं.

मग एकोणिसावा अध्याय, जक्कय. हाही जकातदारच, श्रीमंत. कबुली देणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा भरावा असं मोशेचं नियमशास्त्र सांगतं (गणना ५:७). जक्कय तर लुबाडलेल्याच्या चौपट द्यायला तयार होतो. पण केव्हा? येशू "आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे" म्हणाल्यानंतर. आधी पाहुणा घरात आला, मग हिशेब निघाला.

"काका, तुम्ही अकरा वर्षं स्वतःला शिक्षा देताय. देवाने दिलेलं फुकट घ्यायला ओंजळ पसरावी लागते, ते तुम्हाला जड जातंय. आणि पन्नास हजार मंडळीला का? घेतलं कुणाचं?"

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वहिनीसमोर उभं राहायचं धाडस नाही."

खरी नम्रता मला तिथे दिसली, त्या एका वाक्यात. मी त्यांना एवढंच बजावलं की वहिनींकडून माफीची अपेक्षा धरून जाऊ नका. देवाची क्षमा तुम्हाला मिळाली म्हणून वहिनींनीही ती द्यावी असा हट्ट धरणं म्हणजे त्यांच्यावर दुसरा अन्याय. आईचं वय, तुमची ओढाताण, काही सांगू नका. काय केलं ते सांगा.

ते गेले. वहिनींनी उंबऱ्यातच ऐकून घेतलं. "आधी कागद करा," एवढंच म्हणाल्या.

कागद व्हायला आठ महिने गेले. वकील, नोंदणी, मग तलाठ्याकडे फेरफार. सातबाऱ्यावर वहिनींचं आणि पुतण्याचं नाव लागलं. वहिनी अजूनही त्यांच्याशी फारसं बोलत नाहीत आणि काका त्याबद्दल तक्रार करत नाहीत.

प्रभुभोजन मात्र त्यांनी कागद होण्याआधीच घेतलं, वहिनींकडे जाऊन आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी. फेडून झाल्यावर घेईन असं ते म्हणत होते. मी म्हटलं, जक्कयाच्या घरी येशू जेवायला हिशेब संपेपर्यंत थांबला नव्हता. उजव्या तळव्यावर भाकरीचा तुकडा आला तेव्हा अंगठा थरथरत होता, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.