वेतन आयोगाच्या भरवशावर मुलाला थांबवू नका

परभणी जिल्ह्यातून एका वडिलांचे पत्र आले आहे. ते जिल्हा परिषदेतून वरिष्ठ सहायक म्हणून 2021 मध्ये निवृत्त झाले. मुलगा 27 वर्षांचा असून रसायनशास्त्रात बी. एस्सी. आहे आणि त्याला 71 टक्के गुण आहेत. चार वर्षांपासून तो पुण्यात अभ्यासिकेत बसून सरळसेवेच्या आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षा देत आहे. तलाठी भरतीत थोड्या गुणांनी त्याची संधी हुकली. दोन वर्षांपूर्वी वाळूजच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता नियंत्रण विभागात त्याला नोकरी मिळत होती, ती वडिलांनी घेऊ दिली नाही. आता मुलगा 'पुरे झाले' म्हणतो. वडील विचारतात, "आठव्या वेतन आयोगात पगार अडीचपट होणार असताना त्याने मैदान सोडणे योग्य आहे का? त्याने आणखी कोणत्या परीक्षा द्याव्यात? मी पत्र लिहिल्याचे त्याला कळू देऊ नये."

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील गुणांची मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती तुम्ही ओघात लिहून गेलेल्या दोन वाक्यांची. प्रत्येक निकालानंतर तुम्ही त्याला फोन करून कट-ऑफ किती लागला हे विचारता, आणि गेल्या दिवाळीला 'अभ्यास आहे' असे सांगून तो गावी आला नाही. त्या चार दिवसांत त्याचा अभ्यास झाला असेल असे मला वाटत नाही. घरी आल्यावर तुमच्यासमोर आणि नातेवाइकांसमोर उत्तरे द्यावी लागतील, म्हणून तो आला नाही. सत्ताविसाव्या वर्षी मुलगा सणाला घर टाळू लागला, तर आणखी कोणती परीक्षा द्यावी हा प्रश्न मागे पडतो. खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे तुमच्या निवृत्तिवेतनातून जातात, हे तुम्ही त्याग म्हणून लिहिले आहे आणि तो त्याग खराही आहे; परंतु त्याच पैशांमुळे त्याला 'नको' म्हणण्याचा हक्क उरलेला नाही, हेही तुम्ही पाहायला हवे. हा निर्णय तुमच्या आग्रहाने चालला आहे, त्याच्या इच्छेने नाही, असे मी स्पष्टच सांगतो.

तुमचा आग्रह कोठून येतो हे मी समजू शकतो. तुम्ही 1988 मध्ये रुजू झालात, पाचवा, सहावा आणि सातवा असे तीन वेतन आयोग सेवेत असताना पाहिलेत आणि आज तुम्हाला जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन मिळते. पण ज्या नोकरीने तुमचे घर उभे केले, ती नोकरी त्या रूपात आज नव्याने कोणालाही मिळत नाही. महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पासून पुढे रुजू झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू राहिली नाही. त्यासाठीच मार्च 2023 मध्ये राज्यातील कर्मचारी संपावर गेले होते. सुधारित योजना आल्या आहेत, पण त्यांचा लाभ सेवेच्या वर्षांवर अवलंबून असतो. केंद्राच्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत पूर्ण 50 टक्के निवृत्तिवेतनासाठी 25 वर्षांची सेवा लागते. खुल्या प्रवर्गाला 38 वर्षांपर्यंत परीक्षा देता येते असे तुम्ही लिहिता, परंतु अडतिसाव्या वर्षी राज्य सेवेत लागलेला माणूस 58 व्या वर्षी निवृत्त होतो, तेव्हा त्याच्या पदरी वीसच वर्षे असतात. थांबण्याचीही किंमत असते आणि ती पगारपत्रकाच्या दोन्ही टोकांना चुकवावी लागते.

आता त्या अडीचपटीबद्दल. हा गैरसमज मला जवळजवळ प्रत्येक पालकाच्या पत्रात दिसतो. सातव्या आयोगाच्या वेळी केंद्र सरकारने जुन्या मूळ वेतनाला 2.57 हा गुणक लावला आणि किमान मूळ वेतन 7,000 रुपयांवरून 18,000 झाले, म्हणून पगार अडीचपट झाला असे सगळीकडे पसरले. प्रत्यक्षात जानेवारी 2016 मध्ये त्या 7,000 वर 125 टक्के महागाई भत्ता मिळत होता, म्हणजे 8,750 रुपये. दोन्ही मिळून 15,750 रुपये त्या कर्मचाऱ्याच्या हाती आधीच पडत होते. नव्या रचनेत तो भत्ता मूळ वेतनात विलीन झाला आणि भत्त्याची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली. खरी वाढ 2,250 रुपयांची, म्हणजे सुमारे 14 टक्क्यांची होती, आणि तीही दहा वर्षांनी. शिवाय राज्य कर्मचाऱ्यांच्या हाती तो पगार जानेवारी 2019 पासून पडू लागला. तुम्ही स्वतः आस्थापना शाखेत काम केले आहे, त्यामुळे तुमचे 2015 चे आणि नंतरचे पगारपत्रक शेजारी ठेवून पाहा. आठव्या आयोगाचा गुणक काहीही ठरो, त्यातला मोठा भाग साचलेल्या महागाई भत्त्याचाच असणार. त्या आकड्यावर मुलाची दोन-तीन वर्षे लावू नयेत.

सरकारी नोकरीचे आकर्षण खोटे आहे असे मी म्हणत नाही. सातव्या आयोगाच्याच अहवालात नोंद आहे की, सरकारमधील सर्वांत खालच्या पातळीवरील मदतनिसाचे एकूण वेतन 22,579 रुपये होते आणि पाहणीतील खासगी संस्थांमध्ये त्याच कामाला 8,000 ते 9,500 रुपये मिळत होते. खालच्या पदांवर ही तफावत मोठी आहे, म्हणूनच तेथे एवढी गर्दी आहे. तलाठ्याचे सुरुवातीचे मूळ वेतन 25,500 रुपये आणि वर भत्ते. तेवढे नव्या पदवीधराला बाहेर सहज मिळत नाही, हे मान्य. पण 2023 मध्ये 4,644 जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार असताना थोड्या गुणांनी हुकणे म्हणजे आळस नव्हे, आणि पुढच्या वेळी नक्की होईल याची ती हमीही नव्हे. देशातील सार्वजनिक क्षेत्रातील नोकऱ्या 1997 च्या सुमारास 1 कोटी 95 लाखांच्या घरात होत्या, त्या 2012 पर्यंत 1 कोटी 76 लाखांवर आल्या, आणि त्याच काळात पदवीधर मात्र वाढतच गेले.

एका ओळखीच्या कंत्राटदारामार्फत जिल्हाधिकारी कार्यालयात संगणक चालक म्हणून 'चिकटवून' देण्याचा विचारही तुम्ही लिहिला आहे. तो कृपया सोडा. आत शिरला की कधीतरी कायम होईल, हा जुना समज आहे. नियमित भरती न होता लागलेल्यांना कायम होण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये उमादेवी प्रकरणात सांगितले आहे.

सरळसेवा, गट-क, स्टाफ सिलेक्शन, रेल्वे आणि बँक यांची वेळापत्रके तुमच्या मुलाला तोंडपाठ असतील, ती मी येथे देत नाही. मात्र एक गोष्ट तुम्हा दोघांच्याही नजरेतून सुटलेली दिसते. तो रसायनशास्त्राचा पदवीधर आहे आणि चार वर्षे त्याने ज्या परीक्षा दिल्या, त्यांत त्या पदवीचा काही उपयोग नव्हता. अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळा आणि राज्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळा रसायनशास्त्राचे पदवीधर घेतात. औषधांच्या तपासणीचा अनुभव त्यातील काही पदांसाठी विचारला जातो. वाळूजची जी नोकरी तुम्ही नाकारायला लावली, तिथे आज त्याचा दोन वर्षांचा असा अनुभव झाला असता.

तेव्हा या महिन्यात त्याला औषध किंवा रसायन कारखान्यांच्या प्रयोगशाळांत अर्ज करू द्या, पगार 18,000 असला तरी. रुजू झाल्यावर आपल्या विषयाची जाहिरात निघाली तर तो फॉर्म भरेल. भरला नाही तरी विचारू नका. आणि हे पत्र त्याच्यापासून लपवू नका. त्याला वाचायला द्या, त्यावर तो जे बोलेल ते मध्येच न थांबवता ऐकून घ्या, आणि त्यानंतरही काही विचारायचे राहिले तर ते त्याला स्वतः मला लिहू द्या.